समुद्र संपला की टेबल लागतं

३ फेब्रुवारी, सोमवार

नकाशा नसेल तर पुस्तक नाही — वन्संच्या कादंबरीच्या प्रकाशकाने आज फोनवर सरळ सांगून टाकलं. कल्पनेतल्या देशांच्या कादंबऱ्या वाचणारे लोक म्हणे आधी पहिल्या पानावरचा नकाशाच उघडतात, त्यावर बोट फिरवतात, आणि मग ठरवतात घ्यायचं की ठेवायचं. वन्संनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मी भाजी निवडत होते, कान तिकडेच.

"नकाशा कशाला? ज्याला जायचंय तो पहिल्या पानापासून चालायला लागेल," वन्सं म्हणाल्या.

प्रकाशक हसला, पण हटला नाही. शेवटचा भाग आणि नकाशा, दोन्ही एप्रिलअखेर हवं. वन्संनी फोन ठेवला. मला वाटलं आता माझ्यावर काहीतरी निघणार. तर मान न वळवता म्हणतात, "मोजपट्टी, तुझा धंदाच आहे ना तो? तूच काढ."

मोजपट्टी म्हणजे मी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे वन्संनीच ठेवलेलं नाव. कारण काय, तर मी चहात साखर घालताना चमचा सपाट करते. त्यांना दिसत नाही, जन्मापासूनच नाही, पण चमचा डब्याच्या काठावर घासल्याचा आवाज बरोबर ऐकला. इतकी वर्षं एका घरात काढली, पण एकमेकींकडे 'जरा ते दे' ह्यापलीकडे आम्ही कधी काही मागितलं नाही. आज मागितलं. मी 'बघते' म्हटलं, अगदी उपकार केल्यासारखं. आतून मात्र हुरळून गेले होते!

धंदा आहे खरा. दृष्टी नसलेल्या मुलांच्या शाळांसाठी उठावाचे नकाशे करणाऱ्या कारखान्यात मी नोकरीला. लगद्याचे डोंगर, तारेच्या नद्या, सुतळीच्या सीमा. पण ते सगळे खरोखर असलेल्या देशांचे.

ह्या वहीची एक सोय बरी आहे. वन्संना शाई वाचता येत नाही, आणि ह्यांना माझं अक्षर.

५ फेब्रुवारी

हस्तलिखित म्हणजे पलंगाखाली पेट्याच पेट्या! जाड कागद, ब्रेलचे ठिपके. हे म्हणतात, "ताईने एवढं लिहिलंय? मला वाटायचं तो टाइपरायटर नुसताच वाजतो." धन्य तो भाऊ.

मला ब्रेल येतं, पण डोळ्यांनी. दिवा बाजूला ठेवून उजेड तिरका पाडायचा आणि ठिपक्यांच्या सावल्या वाचायच्या. कारखान्यातले आम्ही डोळस सगळे असंच वाचतो. वन्संना हे आज कळलं आणि त्या मनसोक्त हसल्या. "म्हणजे कानाने जेवण्यासारखंच की गं!"

नकाशा कसा करायचा तेही ठरलं. छापायचा नकाशा प्रकाशकाचा चित्रकार काढेल, पण तो बरोबर की चूक हे वन्संनी तपासायचं कसं? म्हणून आधी मी उठावाचा करणार. त्या बोटांनी तपासणार. मग त्यावरून चित्रकार काढणार. 'तुम्हाला तपासता आलाच पाहिजे,' मी म्हटलं. ह्यावर टोमणा आला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस वाचतेय. काय लिहावं?

एक मुलगी आहे, हाकारी. हाक पोचवणं हा तिचा व्यवसाय. एका गावची हाक छातीत भरून घ्यायची, दुसऱ्या गावी जाऊन जशीच्या तशी मारायची. पत्रं नाहीतच त्या देशात. गुणगुण नावाची नदी आहे, हुंकार नावाचा डोंगर आहे. आणि पडसादाची दरी! तिथे मारलेली हाक तेव्हा परत येतच नाही. कुठल्यातरी वेगळ्या वर्षी, वेगळ्याच कुणाला तरी ऐकू येते. हाकारी तिथून जाताना तिला तिच्या आईची हाक ऐकू येते, 'जेवायला चल' एवढीच. आई जाऊन कैक वर्षं झालेली. आणि आईच्या हाकेच्या मागे, समुद्राच्या बाजूने, आणखी एक हाक असते. ती कुणाची, ते शोधायला हाकारी निघते. ती समुद्रापर्यंत पोचते आणि पेट्या संपतात. शेवटचा भाग म्हणजे समुद्राच्या पलीकडचं.

मी अशी पुस्तकं कधी वाचत नाही. न झालेल्या राज्यांच्या न झालेल्या भानगडी, असं मीच म्हणायचे. आज मात्र भाजी करपली.

पण खरं लिहायचं ते वेगळंच. चित्रकाराला रंग हवेत, म्हणून समुद्र कोणत्या रंगाचा ते शोधत मागे गेले. नाही. बरं, हुंकार डोंगर लांबून कसा दिसतो? नाही. आणखी मागे गेले. आणि मग लक्षात आलं — ह्या सगळ्या पेट्यांमध्ये कुणालाही एकदाही काही दिसलेलंच नाही! आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं! मी चार दिवस त्या देशात फिरत होते, वाट चुकत नव्हते, माणसं ओळखत होते. डोंगर आहे हे कळतं ते पोटऱ्या भरून आल्या की, कानात दडे बसले की. त्याआधी डोंगर नसतोच. समुद्र आधी जिभेवर येतो, मग केसांत, मग कानात, आणि सगळ्यात शेवटी पायांना.

शेजारच्या खोलीत बसून ही बाई हे करत होती, आणि मी बाहेरून टाइपरायटरला नावं ठेवत होते.

१० फेब्रुवारी

मुद्दाम परत शोधलं. 'क्षितिज' नाही. 'सावली' आहे, पण ती गार लागते.

१३ फेब्रुवारी

नकाशाचं घोडं पहिल्याच पायरीवर अडलं. मी विचारलं, वन्सं, उत्तर कुठे धरू?

"कशाचं उत्तर?"

मी म्हटलं दिशा, दिशा. त्यांनी असं तोंड केलं की जणू मी डोंगराचं वजन विचारलं. मग समजावून सांगितलं, अगदी शिशुवर्गातल्या बाईंसारखं. त्या देशात दिशा म्हणजे वाऱ्याकडे, पाण्याकडे, उताराकडे आणि उन्हाकडे. पण ऊन सकाळी एका गालावर असतं आणि संध्याकाळी दुसऱ्या, तर दिशा फिरते का? "फिरते की. मग माणसंही फिरतात. तुमची उत्तर बरी, एकाच जागी खिळा मारून ठेवलेली."

डोकं भणभणलं. पण नंतर भाजी घेऊन घरी येताना रस्त्यात उभं राहून डोळे मिटून बघितलं. ऊन डाव्या गालावर होतं. मागून वारा. पायाखाली थोडासा उतार, ह्या रस्त्याला उतार आहे हे मला माहीतच नव्हतं! रिक्षावाल्याने हॉर्न मारला म्हणून डोळे उघडावे लागले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सीमा. माझी आवडती गोष्ट, सुतळी ताणून चिकटवली की झालं. दोन राज्यं आहेत, थोरल्या घंटेचं आणि फुटक्या घंटेचं. मी म्हटलं हद्द कुठून कुठे?

"घंटा ऐकू येते तिथपर्यंत."

बरं. मग मी थोरल्या घंटेभोवती एक गोल काढायला घेतला आणि वन्सं म्हणाल्या, वारा कुठला धरलास? मी हात थांबवला. वारा घंटेकडून असला की घंटा नदीपार ऐकू येते, आणि पडला की अलीकडच्या टेकडीपर्यंतही पोचत नाही. म्हणजे हद्द रोज हलते! म्हणून तर त्या राज्यांची युद्धं वादळाच्या दिवशीच होतात, गावंच्या गावं सकाळी एका राजाची असतात आणि दुपारी दुसऱ्याची. जिथे दोन्ही घंटा ऐकू येतात तिथे माणसं दोन्हीकडचा कर चुकवतात. आणि जिथे एकही ऐकू येत नाही ती मुकी पट्टी. पळून गेलेली प्रेमी माणसं तिथे राहतात. सगळं लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं, पण 'गोष्ट' म्हणून वाचलं होतं. नकाशा काढायला बसल्यावर कळलं की ही गोष्ट नाही, हा भूगोल आहे, आणि बाकी सगळी गोष्ट ह्यातूनच उगवली आहे. राजे भांडखोर म्हणून युद्ध नाही. वारा आहे म्हणून युद्ध.

हलणारी हद्द कशी चिकटवायची? सुतळी नको. शेवटी लोकर घेतली, पिंजून फुसफुशीत केली. बोट लागलं की दबते, बाजूला सरते. वन्संनी चाचपून बघितली. आणि परत एकदा चाचपली!

२० फेब्रुवारी

हे वैतागलेत. जेवणाचं टेबल गेले आठ दिवस नकाशाने अडवलंय, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. आज म्हणाले, "तुमचा देश मोठा झाला तर मी बाहेर झोपायचं का?" वन्सं म्हणाल्या, मुक्या पट्टीत जागा आहे, तुला शोभेल.

अंतरांनी मात्र नाकी नऊ आणले. थोरली घंटा आहे त्या घंटानगराहून घाटमाथ्यावर जायला दोन मुक्काम, यायला एकच. मी दोन्हीकडून मोजून बघते, जुळत नाही. वन्सं शांतपणे म्हणतात, चढ आहे गं. आता पट्टीवर चढ कसा मोजू? मग सुचलं — रस्ताच खडबडीत करायचा. चढाला जाड पॉलिश पेपर, बोट अडखळत जाईल. उताराला मेणकागद. करून दिलं. वन्संचं बोट चढावर हळू गेलं आणि उतारावर घसरलं, आणि त्या अशा हसल्या की काय सांगू, अगदी लहान मुलीसारख्या. एवढ्या वर्षांत हे हसू मी पाहिलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज नद्या टाकल्या. हे काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण मनात खात्री होती की इथे वन्संची चूक पकडणार. कागदावर एक रेघ न काढता कुणी एवढा देश रचला, तर एखादी तरी नदी डोंगर चढणारच! कारखान्यात शिकलेले लोक तक्ते समोर ठेवून काम करतात तरी चढते.

मी एकेक प्रसंग घेतला. कुणाच्या पोटऱ्या कुठे भरल्या, कुठे धाप लागली, पाण्याचा आवाज कोणत्या कानात होता, खडक कुठे ओला लागला. त्याप्रमाणे लगदा चढवत गेले, उतरवत गेले. मग वाटीत पाणी घेतलं आणि हुंकारच्या माथ्यावर हळूच सोडलं. मेण लावलेलं होतं, लगदा भिजणार नव्हता. पाणी क्षणभर थांबलं. मग निघालं. वळलं. पहिल्या प्रकरणातल्या गावाला वळसा घातला, दरीत शिरलं, मुक्या पट्टीला चाटून गेलं — सगळीकडे अगदी तिथूनच, जिथे पुस्तकात गुणगुण ऐकू येते — आणि जाऊन समुद्रात पडलं!

मी हात टेकले, दुसरा शब्द नाही. ही बाई घराबाहेर कुणाचा तरी हात धरल्याशिवाय जात नाही, आणि हिच्या डोक्यात आख्खा देश उताराला लागलेला आहे.

वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, पाणी खालीच जाणार ना. त्यात काय?

२५ फेब्रुवारी

पूर्ण झाला. लाकडी चौकट ठोकली. वन्संना खुर्चीवर बसवलं, त्यांचे दोन्ही हात धरून वर ठेवले आणि म्हटलं, घ्या, तुमचा देश.

आजवर त्यांनी तुकडे चाचपले होते. एकेक रस्ता, एकेक टेकडी. आज पहिल्यांदा दोन्ही तळवे सपाट ठेवले. डावा तळवा समुद्रावर, उजव्याचा अंगठा हुंकारच्या टोकावर. मधलं सगळं आपोआप झाकलं गेलं. दोन्ही घंटा, नदी, दरी.

त्यांचा चेहरा वाचता येईना. मी वाट बघत होते. हे पण आले, हात पुसत उभे राहिले.

"छान झालाय. मेहनत घेतलीस," वन्सं म्हणाल्या. मग उठून खोलीत गेल्या.

२८ फेब्रुवारी

टाइपरायटर वाजत नाहीये. तीन दिवस झाले. ह्यांनीसुद्धा ओळखलं, घर कसं बंद पडल्यासारखं वाटतंय म्हणाले.

२ मार्च, रविवार

आज दुपारी चहा घेऊन वन्संच्या खोलीत गेले आणि तिथेच बसून राहिले. त्यांनी हाकललं नाही. टाइपरायटरवर टॉवेल टाकलेला. मी विचारलं, नकाशात काही चुकलं का? चुकलं असेल तर उखडून परत करते.

"काही चुकलेलं नाही. तेच तर." मग बोलायला लागल्या. मी आठवून लिहितेय, शब्द त्यांचेच. "इथे मला नळापर्यंत जायचं तरी कुणीतरी 'जपून' म्हणतं. तिकडे मला कुणी जपून म्हणत नव्हतं. तिकडे मी एकटी फिरत होते, कुणाचाही हात न धरता. पुढे काय आहे ते मलासुद्धा माहीत नसायचं. पाय टाकायचा आणि कळायचं. आता कुठेही जायला निघाले की माझे दोन तळवे आधीच तिथे पोचलेले असतात."

आणि मग, "समुद्राच्या पुढे बोट नेऊन बघितलं मी. चौकट लागते. चौकट संपली की टेबल लागतं."

मला रडू आलं. आवाज न करता रडले, पण वन्संना कळलंच. म्हणाल्या, तू नको रडूस, तू चांगलाच केलास. शाळेत होते तेव्हाही असाच एक खडबडीत पत्रा हातात देऊन बाई म्हणाल्या होत्या, हा आपला देश. मी म्हटलं होतं, एवढासा?

४ मार्च

प्रकाशकाला नकाशाचा फोटो कुणी पाठवला? ह्यांनी! प्रकाशक बेहद्द खूश. चित्रकाराने कामही सुरू केलंय. शेवटचा भाग कसा चाललाय विचारत होता. मी म्हटलं, चाललाय.

हे म्हणतात, मग तो नकाशा माळ्यावर टाकू. मी वन्संना तेच सुचवलं तर म्हणाल्या, झाकून काय होणार? बोटांना आता ठाऊक झालंय.

मी मनात म्हणते, लोक इतक्या हौसेने नकाशा उघडतात, त्यांना वाटतं आता देश आपल्या हातात आला. तो हातात येतो ही गोष्ट मी आजपर्यंत चांगलीच मानत होते. त्यावरच माझा पगार आहे!

८ मार्च

आज वन्संनी हाक मारली. 'मोजपट्टी' नाही, नुसतं "अगं ए."

म्हणाल्या, समुद्रापलीकडचं तू कर. मी म्हटलं, करते ना, सांगा काय काय आहे. तर म्हणतात, "मला विचारायचं नाही. मला सांगायचंही नाही. मला माहीत असलेलं मला नको आहे. तू करून आण, मी त्याच्यावरून चालेन."

मी! मी आयुष्यात मनाने एक खाडीसुद्धा काढलेली नाही. कुणीतरी मोजलेलं, कुणीतरी छापलेलं, त्यावरून आमचे साचे. मी स्पष्ट सांगितलं, वन्सं, मला कल्पनाशक्ती नाही. "माहीत आहे. चमचा सपाट करणाऱ्याला नसतेच," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला सांगतेय. तू खोटं काही करणार नाहीस."

११ मार्च

कारखान्यात सुट्टीनंतर थांबले. प्लायवूडचा कोरा तुकडा समोर. मशीनवाले काका, म्हणजे साच्यावर प्लॅस्टिकची शीट तापवून ओढणारे आमचे जुने सहकारी, जाता जाता म्हणाले, कुठल्या देशाचं काम? म्हटलं, अजून ठरायचंय. ते हसले आणि दिवा चालू ठेवून गेले.

तासभर नुसती बसले. काही नाही! कोरं लाकूड इतकं मोठं वाटतं हे माहीत नव्हतं.

१३ मार्च

सापडलं! म्हणजे सुचलं नाही, सापडलं. विचार केला, मला काय माहीत आहे? वन्संच्या पुस्तकात दुपारी समुद्रावरून वारा येतो. आणि खलाशी म्हणतात, त्या वाऱ्याने जिभेवर बारीक माती बसते. माती! समुद्रात कुठली माती? म्हणजे वारा पलीकडच्या जमिनीवरून येतो. म्हणजे पलीकडची जमीन कोरडी, उघडी, सुटी मातीची. म्हणजे पाऊस तिच्या मागे कुठेतरी अडतो. म्हणजे मागे डोंगर आहे, आणि तो हुंकारपेक्षा उंच आहे. वन्संनी एक ओळ लिहिली आणि तिच्यामागे एवढा डोंगर उभा होता, त्यांना स्वतःलाही न कळता!

आजवर मला वाटायचं, कल्पनेतला देश म्हणजे काहीही करायला मोकळीक. मोकळीक कसली! एक वारा खरा धरला की माती खरी, माती खरी की डोंगर खरा, आणि मग नदी कुठून यायची ते विचारायची सोयच नाही. मी नुसती मागे मागे लगदा घेऊन धावत होते.

किनारा मात्र कशावरूनही ठरेना. कातरीने कापला असता तर माझ्यासारखा झाला असता. म्हणून पुठ्ठा हाताने फाडला. बघत नव्हते.

१६ मार्च, रविवार

आज आणला. टेबलावर समुद्राला लावून ठेवला. चौकटीची एक पट्टी काढून टाकली होती. हे दाराशी उभे. मी म्हटलं, वन्सं, पुढे टेबल नाही.

त्यांनी हात पुढे केला आणि मग मागे घेतला. तळवा टेकवायचा नाही, असं स्वतःलाच म्हणाल्या. एकच बोट. हाकारी जेवढं चालेल तेवढंच बोट चालणार, रोज थोडं. आणि उजव्या हाताची तर्जनी समुद्रावरून निघाली. किनाऱ्याला बोट लागलं, अडखळलं, फाटलेल्या कडेवरून हळूहळू चढलं. "कोरडं आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "भुसभुशीत आहे. आणि वर चढतंय..." मी माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता. माझ्यासमोर एक माणूस एका देशात पहिल्यांदा पाऊल टाकत होतं. कुठल्याच कागदावर नसलेल्या देशात! मला माहीत होता तो, तरी मलाही माहीत नव्हता.

बोट थांबलं. किनाऱ्यापासून जरा आत, मोकळ्या मातीवर, एक बारीकसा उंचवटा.

"इथे कोणीतरी उभं आहे," वन्सं म्हणाल्या.

तो तर गोंदाचा थेंब! पुठ्ठा चिकटवताना ब्रशवरून पडला असणार, वाळला असणार. आमच्याकडे माल बाहेर जाण्याआधी बोटांनी तपासतात ते ह्याचसाठी. नको तो एक कण राहिला तर मूल तिथे गाव समजतं. ते खरवडून काढणं हे माझं काम, आणि मीच विसरले. तोंड उघडलं सांगायला. पण वन्सं उठल्याच. भिंतीला हात न लावता खोलीत गेल्या. टॉवेल खाली पडल्याचा आवाज आला आणि टाइपरायटर सुरू झाला. जेवायला हाक मारली तरी थांबला नाही.

आता काय करू? 'तू खोटं काही करणार नाहीस' म्हणाल्या होत्या. त्यांच्या आख्ख्या शेवटच्या भागाचं माणूस गोंदाचं आहे. उद्या सांगणार. काय व्हायचं ते होवो.

१७ मार्च

सांगितलं. वन्सं टाइप करतच राहिल्या. "गोंद मला कळत नाही असं वाटलं का तुला? थेंब पडला कुणाच्या हातून? तुझ्याच ना. मग तिथे उभी आहे ती तूच." मग थांबल्या आणि म्हणाल्या, "तिच्या शेजारी आणखी एक थेंब पाड. माझा. जरा अंतर ठेवून हं, हात धरायचा नाही."